लहान घर, कमी बजेट आणि खाऱ्या पाण्याचं पहिलं अ‍ॅक्वेरिअम: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे?

चर्नी रोड स्टेशनजवळ, मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं होतं. गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातले रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते तिथेच, शाळेच्या सहलीत किंवा आजोबांचा हात धरून. २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश घराघरांत ओळखीचा झाला. असा मासा आपल्याही घरात असावा, असं तेव्हापासून अनेकांना वाटतं.

पण दुकानात चौकशी केली की दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक म्हणजे ‘लाखभर रुपये लागतील, नादी लागू नका.’ दुसरं म्हणजे ‘आज टाकी न्या, आजच मासे सोडा.’ दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. खाऱ्या पाण्याची छोटी टाकी वीस ते तीस हजारांत उभी राहू शकते. मात्र त्यासाठी मासे आणण्याआधी साधारण दीड महिना रिकामी टाकी सांभाळायची तयारी हवी. या छंदात वाया जाणारे बहुतेक पैसे घाईमुळे जातात, आणि घाईची किंमत आधी मासे मोजतात.

गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा यात वेगळं काय?

गप्पी, मॉली, गोल्डफिश हे मासे बऱ्यापैकी बदल सहन करतात. नदी-तळ्यातलं पाणी पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरं असतं, त्याची त्यांना सवय असते. प्रवाळ बेटांवरच्या माशांचं तसं नाही. तिथे पाण्याचा खारटपणा, तापमान आणि पीएच वर्षभर जवळपास सारखे राहतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पीएच ८.१ ते ८.४ च्या दरम्यान असतो आणि या माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवतं.

म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणं म्हणजे मुख्यतः पाणी सांभाळणं. योग्य पाणी तयार करायचं आणि ते बदलू द्यायचं नाही. बजेट आखताना प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारायचा: यामुळे पाणी स्थिर राहायला मदत होते का? होत असेल तर खर्च करा. नसेल तर ती वस्तू नंतरही घेता येते.

टाकी किती मोठी हवी?

‘लहान टाकी म्हणजे सोपं काम’ हा पहिला गैरसमज. २० लिटरच्या टाकीतून दोन लिटर पाणी वाफ होऊन गेलं, तर खारटपणा ३५ वरून जवळपास ३९ वर जातो. तेच दोन लिटर ७५ लिटरमधून गेले तर तो ३६ पर्यंतच पोहोचतो. पाणी जितकं जास्त, तितका चूक सुधारायला वेळ मिळतो.

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी हा चांगला मध्य आहे. तिची क्षमता सुमारे ८८ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी साधारण ७५ लिटर राहतं. अशी टाकी स्थानिक कारागिराकडून ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या काचेत बनवून घेतली की तयार ब्रँडेड टाकीपेक्षा स्वस्त पडते. ती आणल्यावर तीन-चार दिवस साध्या पाण्याने भरून ठेवायची आणि गळती तपासायची.

जुन्या इमारतीला हे वजन पेलेल का?

गिरगाव-लालबागच्या घरांसाठी हा प्रश्न टाकीच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे. ७५ किलो पाणी, साधारण १५ किलो काच, तितकीच वाळू-दगड आणि वर स्टँड धरला तर एकूण वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं. हे सगळं वजन जेमतेम अडीच चौरस फुटांवर, चोवीस तास, वर्षानुवर्षं राहणार असतं.

सिमेंट काँक्रीटच्या सुस्थितीतल्या इमारतीत भिंतीलगत एवढं वजन सहसा अडचणीचं ठरत नाही. भरलेलं लोखंडी कपाटही याच घरात असतं. पण अनेक जुन्या चाळींत मजल्याखाली लाकडी तुळया आहेत. अशा ठिकाणी काही गोष्टी पाळाव्या लागतात:

– टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता, तुळयांची टोकं जिथे भिंतीत टेकतात त्या भिंतीजवळ ठेवावी.
– टाकीची लांब बाजू तुळयांना आडवी यावी, म्हणजे वजन एकाच तुळईवर न पडता दोन-तीन तुळयांवर वाटलं जातं.
– सामाईक गॅलरीत किंवा पोटमाळ्यावर टाकी ठेवू नये.
– जमीन चालताना हलत असेल, तुळईला वाळवी लागली असेल किंवा इमारत म्हाडाच्या धोकादायक यादीत असेल, तर टाकीचा विचार सोडून द्यावा. शंका असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं.

टाकी फुटली तर ७५ लिटर खारं पाणी खालच्या बिऱ्हाडात जाणार, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

समुद्र समोर असताना पाणी बनवायचं कशाला?

गिरगाव चौपाटीवरून दोन कॅन भरून आणले तर फुकटात काम होईल, असं कुणालाही वाटेल. पण मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, बोटींचं तेल आणि गाळ मिसळलेला असतो. पावसाळ्यात नाल्यांचं गोडं पाणी आल्याने खारटपणाही घसरतो. मोठी मत्स्यालयं समुद्राचं पाणी वापरतात तेव्हा त्यांच्याकडे ते गाळण्याची आणि निर्जंतुक करण्याची यंत्रणा असते. घरात ती नसते.

दुसरा फुकटातला उपाय म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ. तेही चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडिअम क्लोराइड सर्वात जास्त असलं तरी मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, पोटॅशिअम, सल्फेट आणि बायकार्बोनेट हेही असतात. माशांच्या शरीराला आणि पीएच स्थिर राहायला हे सगळं लागतं. वडाळा-भांडुपसारख्या मिठागरांतलं खडे मीठ ‘समुद्राचंच’ असलं तरी उपयोगाचं नाही. पाणी आटवताना जे मीठ गोळा होतं ते मुख्यतः सोडिअम क्लोराइड असतं, आणि मॅग्नेशिअमचा बराच भाग मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहतो.

म्हणून अ‍ॅक्वेरिअमसाठी बनवलेलं सागरी मीठ विकत घ्यावं लागतं. इथे काटकसर नको.

खारं पाणी कसं बनवायचं?

सुरुवात गोड्या पाण्याने होते. मुंबईला सात तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी पिण्यासाठी क्लोरिन घालून शुद्ध केलेलं असतं. हेच क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतं आणि टाकीतले उपयोगी जिवाणूही मारतं. शिवाय जुन्या पाइपांतून लोह-तांबं उतरलेलं असू शकतं, आणि टँकरचं पाणी प्रत्येक वेळी वेगळं असतं.

सर्वात सुरक्षित म्हणजे आरओचं पाणी. घरातला प्युरिफायर चालू शकतो, पण त्याचं पाणी आधी टीडीएस मीटरने तपासायला हवं. चवीसाठी अनेक प्युरिफायर शुद्ध केलेल्या पाण्यात पुन्हा क्षार मिसळतात. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकं चांगलं. आरओ नसेल तर फक्त मासे असलेल्या टाकीसाठी नळाचं पाणी क्लोरिन काढणारं औषध घालून वापरता येतं. मात्र अशा पाण्यात शेवाळ जास्त वाढू शकतं.

कृती सोपी आहे. खाण्याच्या दर्जाची नवी प्लास्टिकची बादली किंवा पिंप घ्यायचं. साबण लावलेली जुनी बादली चालणार नाही. आधी पाणी, मग त्यात मीठ, हा क्रम पाळायचा. प्रमाण साधारण लिटरला ३६ ग्रॅम, म्हणजे ७५ लिटरला सुमारे २.७ किलो. नेमकं प्रमाण मिठाच्या पाकिटावर दिलेलं असतं. छोटा पंप लावून पाणी काही तास, शक्यतो रात्रभर ढवळत ठेवायचं आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचं. ३३ ते ३५ दाखवलं की पाणी तयार.

रिफ्रॅक्टोमीटर ही चैन नाही. काटा हलणारे स्वस्त हायड्रोमीटर चटकन चुकीचे आकडे दाखवू लागतात, आणि खारटपणाच चुकला तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग होत नाही.

कोणती उपकरणं लागतात, कोणती नाहीत?

लागतात ती अशी: टाकीच्या कडेला अडकवायचा हँग-ऑन फिल्टर, पाणी खेळतं ठेवणारा छोटा पॉवरहेड, साधा एलईडी दिवा, थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व पीएच तपासायची किट. पॉवरहेडचं तोंड थोडं पृष्ठभागाकडे ठेवलं की पाणी हलतं आणि त्यात प्राणवायू मिसळतो.

सुरुवातीला लागत नाहीत ती अशी: महागडा रीफ दिवा (तो प्रवाळांसाठी असतो), स्वयंचलित डोसिंग पंप, यूव्ही दिवा. एवढ्या टाकीत दोन-तीन मासे असतील आणि पाणी दर आठवड्याला बदललं जात असेल, तर प्रोटीन स्किमरशिवायही भागतं. मुंबईत हीटरची गरजही क्वचितच पडते.

मुंबईत उलटी अडचण आहे, ती उकाड्याची. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये बंद खोलीतल्या टाकीचं पाणी सहज ३० अंशांपुढे जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनिया जास्त घातक होतो. चिलर हा खात्रीचा उपाय आहे, पण एकट्या चिलरची किंमत बाकीच्या टाकीएवढी होऊ शकते. स्वस्त उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा. बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी थंड होतं. मात्र दमट हवेत हा परिणाम कमी होतो आणि पाणी जास्त उडतं. म्हणून जागा निवडतानाच काळजी घ्यावी: खिडकीतलं ऊन, गॅसची शेगडी आणि फ्रिजची मागची बाजू या तिन्हींपासून टाकी लांब हवी. खोली दुपारी भट्टीसारखी तापत असेल, तर चिलरचे पैसे जमेपर्यंत थांबणंच योग्य.

विजेच्या बाबतीत दोन नियम. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जायला हवी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. आणि घरात ईएलसीबी बसवलेला असावा. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे.

दगड, वाळू आणि कायदा

परदेशी व्हिडिओंमध्ये ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे समुद्रातून काढलेले सच्छिद्र दगड वापरलेले दिसतात. हे दगड म्हणजे बहुतेकदा जुन्या प्रवाळांचे सांगाडे. भारतात इथे कायदा आडवा येतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकडीही संरक्षित आहेत. वाघाला असलेलं संरक्षण या जीवांना आहे. अनुसूची १ मधल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘आम्ही तर विकत घेतलं’ हा बचाव होत नाही.

याचं उदाहरण शहरातच आहे. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अली इथल्या १८ प्रवाळ वसाहती आड येत होत्या. २०२० मध्ये त्या हलवण्यासाठी महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. त्यामुळे दुकानात कुणी पिशवीतून प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्रघोडा दाखवला, तर तो कितीही स्वस्त असला तरी हात लावू नये.

पर्याय आहेत. सिरॅमिकचे किंवा अ‍ॅक्वेरिअमसाठी तयार केलेले कृत्रिम सच्छिद्र दगड वापरता येतात. सिमेंटचे दगड असतील तर ते काही आठवडे पाण्यात ठेवून, पाणी बदलत राहून पीएच खाली येऊ द्यावा लागतो. तळाला अ‍ॅरागोनाइट वाळूचा एक-दीड इंचाचा थर पुरतो. किनाऱ्यावरची वाळू, शंख-शिंपले आणि दगड उचलून आणू नयेत.

पहिले सहा आठवडे: टाकी रिकामी का ठेवायची?

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतात. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत तो साठतो आणि माशांना मारतो. यावर उपाय करतात ते जिवाणू. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच कमी घातक असतं आणि पाणी बदलून ते काढता येतं. यालाच नायट्रोजन चक्र म्हणतात, आणि अ‍ॅक्वेरिअमवाल्यांच्या भाषेत ‘टाकी सायकल करणं’.

हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत, वाळूत आणि फिल्टरमध्ये राहतात. नव्या टाकीत ते जवळपास नसतात आणि त्यांची वाढ सावकाश होते. पुरेशी संख्या व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घातले तर हा काळ कमी होऊ शकतो, पण चाचणी चुकवता येत नाही.

प्रक्रिया अशी:

– दगड, वाळू, खारं पाणी, फिल्टर आणि पॉवरहेड सगळं सुरू करायचं. दिवा बंद ठेवला तरी चालतो, उलट शेवाळ कमी वाढतं.
– जिवाणूंना खाद्य म्हणून बाजारातल्या सोललेल्या कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा जुन्या स्टॉकिंगमध्ये किंवा जाळीत बांधून पाण्यात सोडायचा. तो कुजू लागला की अमोनिया तयार होतो. थोडा वास येईल, घरच्यांना आधी सांगून ठेवावं.
– दोन-तीन दिवसांनी चाचणी करायची. अमोनिया २ पीपीएमच्या आसपास दिसला की कोळंबी काढून टाकायची.
– पुढचे आठवडे दर दोन-तीन दिवसांनी आकडे वहीत लिहायचे. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, शेवटी नायट्राइट उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल.
– चिमूटभर खाद्य टाकून पुन्हा तपासायचं. एक-दोन दिवसांनीही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असतील, तर टाकी तयार आहे. मग एक तृतीयांश पाणी बदलून मासे आणता येतात.

या काळात दगडांवर तपकिरी थर येतो. ती डायटम नावाची सूक्ष्म शैवालं असतात. नव्या टाकीत ती येतातच आणि काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. त्यासाठी औषध घालायची गरज नाही.

‘सायकलसाठी एखादा स्वस्त डॅमसेल मासा सोडा’ असा सल्ला अजूनही दिला जातो. तो टाळावा. त्यात मासा अमोनियाने भाजतो. जगला तरी डॅमसेल इतका आक्रमक असतो की नंतर येणाऱ्या माशांना छळतो.

पहिले मासे कोणते?

७५ लिटर पाण्यात दोन, फार तर तीन छोटे मासे. सर्वात योग्य निवड म्हणजे क्लाउनफिशची जोडी. ते तीन-साडेतीन इंचांपलीकडे फारसे वाढत नाहीत, तयार खाद्य खातात आणि बंदिस्त वातावरणात दहा वर्षांहून अधिक जगू शकतात. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. जोडीतला मोठा आणि वरचढ मासा पुढे मादी होतो. म्हणून एक थोडा मोठा आणि एक लहान असे दोन एकदमच घ्यावेत.

क्लाउनफिशचं आणखी एक कारण महत्त्वाचं आहे. खाऱ्या पाण्यातले शोभेचे बहुतेक मासे अजूनही प्रवाळ बेटांवरून पकडून आणले जातात, आणि आग्नेय आशियात काही ठिकाणी त्यासाठी सायनाइड वापरलं गेलं आहे. क्लाउनफिशची पैदास मात्र हॅचरीत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात याचं तंत्र विकसित केलं आहे. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी उभारण्यात आली. हॅचरीतला मासा टाकीला सरावलेला असतो, खायला लवकर लागतो आणि समुद्रातून एक मासा कमी होत नाही.

क्रॉफर्ड मार्केटमधून असो वा दादर-परळच्या दुकानातून, मासा घेताना चार प्रश्न विचारावेत. हॅचरीतला आहे का? दुकानात किती दिवस आहे? समोर खाऊ घालून दाखवाल का? तुमच्या पाण्याचा खारटपणा किती? पंख मिटलेले, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके किंवा जोरजोरात श्वास असेल, तर त्या टाकीतला एकही मासा नको.

टँग, लायनफिश, मँडरिन हे मासे कितीही सुंदर दिसले तरी या टाकीचे नाहीत. टँगला पोहायला मोठी जागा लागते. लायनफिश छोट्या माशांना गिळतो. मँडरिन मासा जिवंत सूक्ष्म जीवांवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो.

घरी आल्यावर पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची. मग पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा मोजायचा. फरक असेल तर टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळत मासा सरावू द्यायचा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. टाकी तयार झाल्यावर आधी जोडी आणावी आणि तिसरा मासा हवाच असेल तर किमान महिनाभराने. हा तिसरा मासा आधी वेगळ्या टबमध्ये चार आठवडे ठेवला, तर तो रोग मुख्य टाकीत आणत नाही.

एकूण खर्च किती?

किमती दुकानागणिक आणि ब्रँडनुसार बदलतात. हा ढोबळ अंदाज:

– टाकी: २,५०० ते ४,००० रुपये
– लोखंडी स्टँड: २,००० ते ३,५००
– हँग-ऑन फिल्टर: १,५०० ते २,५००
– पॉवरहेड: ८०० ते १,५००
– एलईडी दिवा: १,००० ते २,०००
– पंखा: ५०० ते १,०००
– रिफ्रॅक्टोमीटर: १,५०० ते २,५००
– थर्मामीटर आणि टीडीएस मीटर: ४०० ते ७००
– चाचणी किट: २,००० ते ३,५००
– सागरी मीठ, ७ किलो: १,८०० ते २,५००
– दगड आणि वाळू: ३,५०० ते ५,५००
– बॅटरीवर चालणारा एअर पंप, बादल्या, नळी: ८०० ते १,३००
– क्लाउनफिशची जोडी: १,००० ते २,०००

एकूण: साधारण १९,३०० ते ३२,५०० रुपये. यात चिलर धरलेला नाही.

टाकी, स्टँड आणि दिवा जुने घेतले तर चार-पाच हजार वाचू शकतात. जुनी टाकी घेताना आधीच्या मालकाने त्यात तांब्याचं औषध वापरलं होतं का, हे विचारावं. कोळंबी, खेकडे यांसारख्या जीवांना तांबं घातक असतं. मीठ, चाचणी किट आणि रिफ्रॅक्टोमीटर यांत मात्र पैसे वाचवू नयेत.

दरमहा साधारण एक किलोच्या आसपास मीठ लागतं, म्हणजे तीनशे-साडेतीनशे रुपये. फिल्टर, पॉवरहेड, दिवा आणि पंखा मिळून महिन्याला १४-१५ युनिट वीज जाते. खाद्याचा खर्च किरकोळ असतो.

रोजचं आणि आठवड्याचं काम

रोज दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्यायचं, तापमान बघायचं आणि कमी झालेलं पाणी भरायचं. इथे नवखे हमखास चुकतात. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती नेहमी गोड्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. काचेवर टेपची एक खूण करून ठेवली की पातळी कळते.

दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे सात-साडेसात लिटर पाणी काढून तेवढंच ताजं खारं पाणी घालायचं. त्या वेळी काच पुसायची आणि फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळून घ्यायचा. नळाखाली धुतला तर जिवाणू मरतात आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

गणपतीला गावी गेल्यावर टाकीचं काय?

लालबाग-परळमधली कितीतरी घरं गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जातात. घर आठ-दहा दिवस बंद. टाकीतून रोज पाऊण लिटर पाणी उडालं तर दहा दिवसांत साडेसात लिटर कमी होतं आणि खारटपणा ३५ वरून ३९ च्या जवळ पोहोचतो. पंखा सुरू असेल तर त्याहून जास्त.

म्हणून टाकी घेण्याआधीच शेजारी किंवा नातेवाईक ठरवून ठेवावा. त्यांच्यासाठी दोनच कामं: खुणेपर्यंत गोडं पाणी भरणं आणि एक दिवसाआड खाद्याची एक पुडी टाकणं. पुड्या आधीच मोजून बांधून ठेवाव्यात आणि डबा लपवून ठेवावा. प्रेमापोटी जास्त खाऊ घातलं, तर उरलेलं खाद्य कुजून अमोनिया वाढतो. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतात, पण बिघडलेल्या पाण्यात एक दिवसही कठीण असतो. निघण्याच्या आदल्या दिवशी नवीन मासा आणणं किंवा फिल्टर पूर्ण साफ करणं टाळावं.

घरातल्या इतर गोष्टींचाही परिणाम होतो. डास मारण्याच्या फवाऱ्यांत आणि धूर फवारणीत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अतिशय विषारी असतात. फवारणीच्या वेळी एअर पंप बंद करावा, टाकी प्लास्टिकने झाकावी आणि खोलीत हवा खेळती झाल्यावरच पंप सुरू करावा. सणाआधीचं रंगकाम, फिनाइल, धूप-अगरबत्ती यांच्याही बाबतीत टाकी लांब किंवा झाकलेली असावी. हात घालण्याआधी साबण किंवा क्रीम पूर्ण धुतलेलं हवं. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप तेवढा वेळ मासे जगवतो.

घ्यायची की नाही, हे कसं ठरवायचं?

ठरवायची सोपी पद्धत आहे. महिनाभर रोज ठरावीक वेळी दहा मिनिटं आणि दर रविवारी तासभर या कामासाठी काढता येतो का, हे टाकी न घेताच बघावं. शक्य झालं तर टाकी, मीठ आणि मोजमापाची उपकरणं आधी घ्यावीत. मासे शेवटी, सहा आठवड्यांनंतर. तोवर उत्साह मावळला तर नुकसान फक्त पैशांचं होतं आणि सामान विकताही येतं. टिकला, तर क्लाउनफिशची ती जोडी पुढची दहा वर्षं घरात राहू शकते.